वहिनीच्या हातचं विरजण

दोन हजार तीन-चारच्या सुमारास आमच्या घरात दही लागेनासं झालं. दादाचं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. सकाळी शेजारच्या भाभींकडून विरजण मागून आणायचं, फळीवरच्या काचेच्या बाटलीत ठेवायचं आणि रात्री जेवणं उरकल्यावर वहिनीनं ते कोमट दुधात कालवायचं, असा शिरस्ता पडला होता. दुसऱ्या सकाळी पातेल्यावरचं झाकण काढावं तर दूध तसंच. ना घट्ट, ना आंबट. ते मग चहाला जायचं.

"हाय तसंच हाय की गं!" आई रोज तेवढ्याच जोरात म्हणायची, आणि शाहूपुरीतल्या आमच्या बोळाला ती बातमी फुकट मिळायची.

मला बाटलीच्या तळाशी उरणाऱ्या विरजणाची जास्त भीती वाटायची. चपलांना बुरशी येण्याचे दिवस होते, भाकरी एका दिवसात हिरवी पडायची. ते चमचाभर दही मात्र आठ दिवस झाले तरी पांढरंशुभ्र. त्याला काही होतच नव्हतं. एकदा थोडं सांडलं, ते मांजरानं हुंगलं आणि मागच्या मागे सरकलं. मी शास्त्र शिकलेली, पण त्या फळीकडे पाठ करून चहा करायला मला नको वाटायचं.

मग आईनं आपल्या परीनं प्रयोग केला. भाभींच्या वाटीतलं विरजण तिनं स्वतः थेट दुधात घातलं. सकाळी सुरीनं कापावं असं दही. "हिच्या हाताला दही लागत न्हाई," असा निकाल लागला. आधी वहिनीला दुधाला हात लावायची बंदी झाली, मग पिठाला, मग देवघराला. दादा ताटातून मान वर काढेना. शेवटी चार दिवस माहेरी राहून यायला म्हणून तिला जयसिंगपूरला धाडायचं ठरलं. ते दिवस चारच असतील असं मात्र कुणी म्हणेना. तिचा संसार सुरू व्हायच्या आधीच मोडायला आला होता.

जायच्या आदल्या दुपारी ती ओट्याशी उभी राहून आपले तळवे उलटसुलट करून बघत होती.

"वन्सं, माझ्या हातात जीव न्हाई व्हय?"

"येडी हायस काय!" म्हणून मी तिला झटकलं. त्याची मला आजही लाज वाटते.

ती गेली त्याच दिवशी मी ती बाटली रुमालात गुंडाळून कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली. द्रव पदार्थांतली विषारी अल्डिहाइडं शोधणं हे तेव्हा माझं काम होतं. पद्धत साधी, पण पाहणाऱ्याला चेटूक वाटावी अशी. नमुना छोट्या शिशीत बंद करायचा. इंजेक्शनसारख्या सुईतून केसाएवढा धागा बाहेर येतो, त्यावर अल्डिहाइडला तेवढं धरून ठेवणारं रसायन आधीच चढवलेलं असतं. धागा द्रवाला न टेकवता वरच्या हवेत टांगायचा. डोळ्यांना न दिसणारं वर येतं आणि त्याला चिकटतं. मग ती सुई यंत्राच्या तापलेल्या तोंडात खुपसायची. कागदावर रेघ चालू लागते आणि काही सापडलं की उभी चढते. त्या चढणीला आम्ही इंग्रजीतलं पीक म्हणायचो. "औंदा पीक कसं हाय?" म्हणून दादा एरवी मला चिडवायचा.

माझा संशय गवळ्यावर होता. दूध टिकावं म्हणून फॉर्मालिन, म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्मल्डिहाइड, घालणारे असतात. आधी त्याचं दूध लावलं. रेघ सपाट. मग बाटलीतलं विरजण लावलं. रेघ ओढणारं पेन फॉर्मल्डिहाइडच्या जागी आलं, वर गेलं आणि कागदाच्या कडेला अडून तिथंच थरथरत राहिलं. मेलेले बेडूक ज्यात ठेवतात ते आमच्या विरजणात होतं, आणि आम्ही त्याचा चहा पीत होतो. बंदी होईपर्यंत त्या बाटलीला वहिनीशिवाय कुणाचा हात लागत नव्हता. त्या तासाभरात मी तिच्याबद्दल काय काय मनात आणलं ते लिहायचं ठरवलं होतं, पण लिहवत नाही.

मग निव्वळ सवयीनं कोरा नमुना घेतला, म्हणजे विरजणाशिवाय नुसती बाटली. बाटली धुतली, तिच्यातच शुद्ध पाणी भरलं, झाकण लावून दोन तास ठेवलं आणि ते पाणी तपासलं. रेघ पुन्हा चढली. नुसत्या पाण्यात! मी झाकण उलटं केलं. आतल्या चकतीखाली पांढरी पूड साचली होती, वाळलेल्या फॉर्मालिनची. तीच रोज थोडी थोडी सुटत होती. प्राणिशास्त्राच्या लोकांनी टाकून दिलेली ती बाटली तीनदा धुवून घरी आणणारी मीच होते. झाकण घट्ट बसतं म्हणून आईनं माझं कौतुकही केलं होतं.

घरी जाऊन सगळं सांगितलं. आई म्हणाली, "जा, घिऊन ये तिला."

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं जयसिंगपूरला गेले. वहिनीनं पाणी दिलं. मी तिच्यापुढे कागद पसरला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. ती कागदाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"म्हंजे माझ्या हातात काय न्हाई."

"न्हाई गं. सगळं बाटलीत होतं. चुकलं माझं. मला तर त्याचा वासबी कळला न्हाई. दिवसभर त्यातच असते, नाक मेलंय माझं."

"मला यायचा की," ती शांतपणे म्हणाली. "पयल्या दिवसापासनं. झाकण काढलं की नाकाला झोंबायचं, डोळ्यात पानी यायचं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बाटली तुमी आणलेली. नवी सून आल्या आल्या नणंदेच्या वस्तूला नावं ठेवती, असं म्हटलं असतं सगळ्यांनी." तिनं माझ्यापुढचं पाण्याचं भांडं उचललं. "तुमीबी म्हटला असता."

मी कागदाची घडी घालायला लागले. म्हटलं असतं मी.