चिप आहे तोवर खुर्ची

गोव्यात तीन वर्षं मी बोटीवरच्या कसिनोत पत्ते वाटले. आता शेणव्याला घरी असतो, भातशेती बघतो, आणि कुणी हौशी मंडळींनी पोकरची स्पर्धा ठेवली तर पत्ते वाटायला जातो. एवढ्या वर्षांत हुशार म्हणवणारे शेकडो खेळाडू पाहिले. काळे चष्मे लावणारे, टोपी डोळ्यांवर ओढणारे, कानात गाणी घालून बसणारे. पण पोकर कसा खेळावा असं मला कुणी विचारलं तर मी भागीमावशीचं नाव सांगतो. ती आयुष्यात एकदाच खेळली, आणि जिंकली म्हणाल तर तेही नाही.

भागीमावशी काही माझी सख्खी मावशी नव्हे. वैशाखऱ्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यापासून आत उतारावर, रेश्मा मॅडमचं फार्महाउस आहे. तिथे ती बारा वर्षं स्वयंपाक करते. साठीला टेकलेली, अंगाने काटक, बोलणं मोजकं. मॅडम ठाण्याच्या. दिवाळी संपली की पुढच्या शनिवारी त्यांचे कॉलेजातले मित्र तिथे जमतात आणि पोकरची स्पर्धा होते. पैसे लावत नाहीत. जिंकेल त्याला एक पितळी पेला मिळतो, तो त्याने वर्षभर मिरवायचा आणि पुढच्या वर्षी घासूनपुसून परत आणायचा. गेली चार वर्षं मी तिथे पत्ते वाटतोय, आणि चार वर्षं मावशी माझ्या खांद्यामागून चहाचे कप ठेवत आलीय.

त्या शनिवारी सकाळी मी व्हरांड्यात टेबल मांडत होतो. मावशी केर काढता काढता थांबली आणि मावळतीकडे तोंड असलेल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"हितंच व्हता आमचा माळा," ती म्हणाली.

"कसला माळा?"

"राखनीचा. चार बल्ल्या, वर गवताचं छप्पर. मी दहा वर्सांची आसंन."

हा सगळा उतार तिच्या बापाचा, कोंडूबाबाचा होता. वरकस जमीन, नाचणी नि वरी पिकायची. कार्तिकात कणसं भरली की पोपटांचे थवे उतरत, आणि भागी सकाळपासून गोफण घेऊन माळ्यावर बसे. समोर खाली ओढा, पलीकडे गवताचे डोंगर, आणि दोन टेकड्यांच्या मधे एक खिंड. संध्याकाळी सूर्य बरोबर त्या खिंडीत उतरायचा. उतरला की खालून ओढ्यावरून बापाची हाक यायची, "भागे, उतर गो!" मग पोरगी खाली. सूर्य खिंडीत जातो तो नाचणी पिकते त्या आठ-दहा दिवसांतच, एरवी तो डोंगरामागे पडतो. पुढे बापाने उतार विकला, तो आणखी दोन हातांतून गेला आणि त्यावर हे घर उभं राहिलं.

"मग आता बसत का नाही कधी इथे?" मी विचारलं.

"कदी बसनार? घर बंद आसलं की जाळीला कुलूप. घर उगडं आसलं की संध्याकाळी मी चुलीशी." स्वयंपाकघर घराच्या मागे, उगवतीला. तिने झाडू पुन्हा उचलला. "आन आता हा व्हरांडा पाडनार. म्हैनाभरानं मुकादम येनार, हितं खोल्या बांदनार. म्हंजे मावळतीला भिंत."

पुढच्या कार्तिकात इथून काही दिसणार नव्हतं. मला वाईट वाटलं, पण मी काय करणार होतो? मी नऊ खुर्च्या पुसल्या.

दुपारी मॅडम धरून आठच जण जमले. नवव्याच्या लेकीला ताप आला होता. या मंडळींत सूरज नावाचे गृहस्थ आहेत. पोकरवरची पुस्तकं वाचून आलेले, त्यामुळे खेळतात थोडं आणि शिकवतात फार. ते म्हणाले, "खुर्ची रिकामी नको, नऊ जणांचं गणित वेगळं असतं." रेश्मा मॅडम हसत म्हणाल्या, "मावशी, बसा तुम्ही. बघून बघून येतच असेल तुम्हाला." सगळे हसले. मावशी हसली नाही. रिकामी होती ती नेमकी मावळतीची खुर्ची.

तिने मला विचारलं, "उठायचं कदी?"

"चिपा, म्हणजे या रंगीत चकत्या, संपल्या की. सगळ्यांना सारख्या चिपा. संपल्या की माणूस बाद. पण जवळ एक जरी चिप असली तरी खुर्ची तुमची, कुणी उठवू शकत नाही."

"कुनीच नाय? मॅडम पन?"

"मॅडमसुद्धा नाही."

मावशीने पदराला हात पुसले आणि बसली. टेकून नव्हे, कडेवर, पाय जवळ घेऊन. घड्याळात तीन वाजले होते. सूर्य मावळायला तीन तास.

खेळ थोडक्यात सांगतो. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले, टेबलावर पाच उघडे, त्यांतून ज्याचा डाव मोठा तो टेबलावरच्या चिपा नेतो. पत्ते नको असतील तर टाकून द्यायचे, तुमचं काही जात नाही. जातं ते पाळीपाळीने सक्तीने टाकायला लागणारं ब्लाइंड. ते दर पंधरा मिनिटांनी वाढतं, म्हणून नुसतं बसून राहणाऱ्यालाही खेळ हळूहळू खातो. हौशी माणूस पहिल्या तासातच हातघाईवर येतो. दिसतील ते पत्ते खेळायचे, हातात काही नसताना प्रत्येक डावात मोठी बोली लावून थापा मारायच्या. पहिल्या तासात कुणी पेला जिंकत नाही, हरता मात्र येतं, हे मी सांगून थकलो.

मावशीने पहिल्या तासात तीसेक डाव टाकले. पत्त्यांचे कोपरे उचलून बघायची आणि माझ्याकडे सरकवायची. सूरज म्हणाले, "मावशी, खेळायला बसलात की दर्शनाला?"

"बगते," ती म्हणाली.

ती पत्त्यांपेक्षा बाहेरच जास्त बघत होती. गवत पिवळं पडलेलं, खाली कापलेल्या भाताचे भारे, वाऱ्याबरोबर त्यांचा कोरडा वास वर येत होता. टेबलावर हसणं-खिदळणं चाललेलं, पण तिच्यापर्यंत ते लांबून येत असावं. हळूहळू ती खुर्चीत मागे सरली, टेकली, आणि तिच्या चेहऱ्यावरची पन्नास वर्षं कुठे गेली कळेना. मलासुद्धा वाटायला लागलं की खाली फरशी नाही, चार बल्ल्या आहेत, आणि कठड्यापासून ओढ्यापर्यंत नाचणी डुलतेय. पत्ते वाटता वाटता एकदा मी चुकलो. गोव्यात असतो तर बोलणी खाल्ली असती.

चार वाजले तशी ती सवयीने अर्धी उठली. मॅडम म्हणाल्या, "बसा मावशी, चहा मी टाकते." बारा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात मावशीला कुणी चहा आणून दिला. आलं घालायला विसरल्या होत्या. मावशी तरी सगळा प्यायली.

तीन तासांत ती तीनदा खेळली. एकदा एक्क्यांची जोडी होती, एकदा एक्का-राजा, एकदा पुन्हा एक्के. तिन्ही वेळा पत्ते उघडे पडले आणि सगळ्यांनी पाहिले. तोवर थापाडे एकेक करून उठून गेले होते. त्यातले एकटे जगन, जे दुसऱ्याच डावापासून थापा मारत होते, अजून कसेबसे टिकून होते. ते वैतागून म्हणाले, "माझी थाप कुणी मानतच नाही!"

"सारकं हाकारलं की पाखरू भ्येत नाय," मावशी म्हणाली. "एक-दोन उतरले तर गप ऱ्हायचं. थवा बसला की एकच धोंडा, एकच आरोळी."

यापेक्षा चांगला सल्ला मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. सूरजनी मात्र मान डोलावली नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

साडेपाचला चौघे उरले. मॅडम, सूरज, जगन आणि मावशी. सूर्य खिंडीपासून हातभर वर होता. मावशीसमोर चिपांची लहानशी चवड उरली होती, आणि पावणेसहाला ब्लाइंड पुन्हा वाढणार होतं. म्हणजे दोन फेऱ्यांत ती साफ, आणि सूर्य अजून वर. अशा वेळी वाट बघणारा मरतो. चिपांना थोडं वजन आहे, लोकांना थोडी भीती आहे, तोवरच सगळं पुढे लोटायचं असतं. पण पत्ते वाटणाऱ्याने बोलायचं नसतं. ती बाई अजून पंधरा मिनिटं त्या खुर्चीत राहावी, एवढंच मला त्या घडीला जगात हवं होतं.

मी पत्ते वाटले. सूरजनी मोठी बोली लावली. बाकी दोघांनी पत्ते टाकले. मावशीने कोपरे उचलले, पाहिले, पुन्हा झाकले. समोर खिंडीकडे बघितलं. मग दोन्ही तळव्यांनी सगळ्या चिपा पुढे सारल्या.

"समदं," ती म्हणाली.

सूरज विचारात पडले. चष्मा काढला, पुसला, घातला. मावशीची नजर खिंडीवरून हलली नाही. कितीतरी वेळाने सूरजनी आपले पत्ते उघडे करून टाकले. दश्शीची जोडी होती. "टाकतो," ते म्हणाले. "या बाई तीन तासांत तीनदा खेळल्या आणि तिन्ही वेळा पत्ते होते. शिस्त म्हणून टाकतो." लोकांनी त्यांच्या शिस्तीला दाद दिली. हिशेबाने त्यांनी खेळायला हवं होतं. पण दिवसभर जी ओरडली नाही तिची आरोळी कुणाच्या हिशेबात बसत नाही. मावशीचे पत्ते झाकलेलेच माझ्याकडे आले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या चिपांवर ती पुढचे डाव बसून राहिली. आणि सूर्य खिंडीत उतरला. आधी कडा टेकली, मग अर्धा गेला, टेबलावरचे पत्ते लाल झाले, तिचे हात लाल झाले. शेवटची कोर गेल्यावर मावशी खालच्या ओढ्याकडे कान देऊन जरा थांबली. मग हलकेच "आले" म्हणाली आणि उठली.

"मावशी, कुठे? चिपा आहेत तुमच्या!" सूरज ओरडले.

"भाकऱ्या टाकायच्यात. तुमी जेवनार कदी?"

नियमाने खेळाडू उठून गेला तरी चिपा जागेवर राहतात, त्याला पत्ते वाटले जातात, ब्लाइंड मात्र कापलं जातं. म्हणून मी रिकाम्या खुर्चीला पत्ते वाटत राहिलो. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि बाहेर तिची चवड उतरत होती. तेवढ्यात जगन एक थाप मारून बाद झाले, म्हणजे मावशी भाकऱ्या थापता थापता तिसरी आली. बाद झालेले सगळे उभ्याने खेळ बघत होते, पण त्या खुर्चीत कुणी बसलं नाही. मॅडमनी मला हळूच विचारलं, "ती 'आले' कुणाला म्हणाली?" मी त्यांना माळ्याची गोष्ट सांगितली.

गोव्यात मी एकही चिप इकडची तिकडे केली नाही. त्या दिवशी एक केली. मावशीची शेवटची लाल चिप टाकायची वेळ आली तेव्हा पेटीतली दुसरी टाकली आणि तिची घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

"पत्ते काय होते तेव्हा?"

"सत्ती आन दुर्री." ती तव्याकडे बघत हसली. याहून वाईट पत्ते या खेळात नसतात.

"आणि त्यांनी टाकले नसते तर?"

"तर सूर्य नसता दिसला." तिने भाकरी उलटली. "सूर्य तर गेला खिंडीत. हाक तेवडी नाय आली."

मी चिप तिच्या हातावर ठेवली. "ही तुमची. अजून खेळात आहे."

"म्हंजे खुर्ची माजी?"

"नियमाने, हो."

तिने ती पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

पुढचं मला तिच्या नवऱ्याने, देवजीकाकांनी सांगितलं. महिनाभराने यायचा मुकादम चारच दिवसांनी, बुधवारी दुपारी माणसं घेऊन आला. मावशीने व्हरांड्याचं सगळं सामान आत नेलं, एक खुर्ची सोडून. खुर्चीच्या हातावर लाल चिप ठेवली आणि बसली. मुकादमाने मॅडमना फोन लावला. "बाई उठत नाय. म्हणते चिप हाय." मॅडम म्हणाल्या, "मग कुणीच उठवू शकत नाही, मीसुद्धा. सूर्य खिंडीत जाईपर्यंत थांबा." पहारी टेकून माणसं पायरीवर बसली. मावशीने सगळ्यांना चहा दिला आणि पुन्हा जाऊन बसली.

देवजीकाका तेव्हा खाली ओढ्यावर भाताचे भारे उचलत होते. वर खुर्चीत बसलेली बायको दिसत होती. सूर्य खिंडीत गेला, तरी ती हलेना. लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्यांनी तिला कधी नावाने हाक मारली नव्हती, पण माळ्याची गोष्ट तिच्या तोंडून ऐकलेली होती. त्यांनी भारा खाली ठेवला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडले, "भागे, उतर गो!"

"मग?" मी विचारलं.

"मंग उतरली," काका म्हणाले.