देवमणाची घोडी

आमच्या थोरल्या दिरांना घोडीच्या गळ्याखालचा भोवरा दिसायचा. गुडघा कधी दिसला नाही. गळ्याखाली केसांचा भोवरा म्हणजे देवमण, आणि देवमणाची घोडी दारात म्हणजे लक्ष्मी, असं ते येईल त्याला ऐकवायचे. अकलूजच्या घोडेबाजारातून तिला आणली तेव्हाही त्यांनी आधी गळाच चाचपला होता. पाय बघायचं त्यांना सुचलंच नाही.

लग्नसराईत ती नवरदेवाला पाठीवर घेऊन सोलापूरच्या सिमेंटच्या रस्त्यांवर फिरायची. मग तिला लोखंडी बाजेवर चढवायचे. मागच्या पायांवर उभी राहून तिने पुढचे पाय बाजेवर आपटले की वरातीतले लोक शिट्ट्या मारायचे. मला त्या लोकांचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

गोठ्यातलं सगळं माझ्याकडे, म्हणून मला आधी कळलं. डावा पुढचा पाय टेकताना ती मान वर झटकायची. मी दिरांना सांगितलं, म्हणजे नवऱ्याला सांगितलं. आमच्या घरात थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. मी समोर उभी असले तरी ते माझ्या नवऱ्याकडे बघून बोलतात, आणि मीही तसंच. "तुझ्या बायकोला सांग, घोडी नाटकी हाय," एवढंच उत्तर आलं. नवरा मध्ये पोस्टमनसारखा उभा.

शेवटी मीच जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाय उचलून गुडघा वाकवला तेव्हा आतली करकर मलाही ऐकू आली. सांध्यातली कूर्चा, म्हणजे दोन हाडांमधली मऊ गादी, झिजली आहे आणि ती पुन्हा भरून येत नाही, असं ते म्हणाले. मऊ मातीवर हळू चालवली तर बरीच वर्षं काढेल. नाचवली तर हाडावर हाड घासून पाय कायमचा आखडेल. दिरांनी त्यांना चहा पाजला, मान डोलावली, आणि आठवडा जायच्या आत कुणाकडून तरी तिच्या सांध्यात इंजेक्शन मारून घेतलं. घोडी लंगडायची थांबली. वरातीत नाचलीसुद्धा.

"इचार तुझ्या बायकोला, कुटं दुखतंय आता?" दीर नवऱ्याला म्हणाले.

"दुखणं गेलं न्हाय म्हणावं," मी नवऱ्याला म्हणाले. "तिला कळायचं गेलंय."

त्यावर दीर हसले. ते हसणं मी विसरलेले नाही. सुईचा जोर ओसरला की ती पहिल्यापेक्षा जास्त लंगडायची, मग पुन्हा सुई.

अशातच मैंदर्गीच्या एका व्यापारी घरातलं लग्न आलं. नवरदेवाची आत्या स्वतः घोडी बघायला आली. दीर बाहेर गेले होते, मी घोडी धूत होते. बाईंनी गळ्याखाली हात लावला, तो हात कपाळाला लावला. घोडी दुखरा पाय उचलून तीन पायांवर उभी होती. त्याबद्दल एक शब्द नाही. माझं डोकंच फिरलं. मी ओलं बोट घोडीच्या डोळ्याखाली टेकवलं, केस गोल वळवले आणि म्हणाले, "देवमण हाय, पण हितं आसूढाळ बी हाय की. बघून घ्या, मागनं आमाला बोल नको."

डोळ्याखालचा भोवरा म्हणजे आसूढाळ, घराला रडवणारी खोड. बाई झटकन मागे सरल्या, सोबतच्या सुनेशी कानडीत काहीतरी पुटपुटल्या आणि रिक्षात जाऊन बसल्या.

बातमीला पाय असतात आणि ते झिजत नाहीत. ठरलेली लग्नं एकेक करून दुसऱ्या घोड्यांकडे गेली. लंगडी घोडी त्या लोकांना चालत होती, खोडीची चालेना. दिरांनी चार माणसं बोलावून डोळा दाखवला. केस केव्हाच वाळून सरळ झाले होते. तर माणसं म्हणाली, खोड कातरून टाकली असेल.

मग घरात व्हायचं ते झालं. माझ्या घोडीचं नाव तुझ्या बायकोने मातीत घातलं, असं ते नवऱ्याला ओरडून सांगत होते. चूल वेगळी करायची भाषा झाली. मी कडबा टाकत राहिले. घोडी विकायला काढली, पण खोड ऐकून गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून ती दारातच राहिली. मी तिला रोज मागच्या मोकळ्या मातीत फिरवते. बरी झाली नाही, होणारही नाही. पण सुई थांबली, नाच थांबला.

यंदा तुळशीचं लग्न लागलं आणि गल्लीत पुन्हा बँडची तालीम सुरू झाली. एका दुपारी दीर गोठ्यात आले. नवरा घरात नव्हता. मी खरारा करत होते. त्यांनी घोडीच्या डोळ्याखाली अंगठा फिरवला, एकदा सरळ, एकदा उलटा. मग भिंतीकडे बघत, मी या घरात आल्यापासून पहिल्यांदा, ते माझ्याशी बोलले.

"खरं सांग. हाय का न्हाय खोड?"

आवाजात राग नव्हता, भीती होती. डॉक्टरांना न जुमानणारा माणूस माझ्या एका बोटाला घाबरला होता. मी नाही म्हटलं असतं तर घोडी उद्याच बाजेवर चढली असती.

"हाय की, भावजी," मी म्हणाले. "तुमालाच दिसली न्हाय."

त्यांनी अंगठा पँटला पुसला आणि हात धुवायला गेले.