हरकतराव आणि "चालेल"चा रकाना

हरकतराव मला प्रथम भेटले तेव्हा ते माझं नेमणूकपत्र सोलत होते. दुसरा शब्दच नाही. नोकरीचा पहिला दिवस, कायदा विभागाच्या दारात मी नवरदेवासारखा हसत उभा, आणि समोरच्या फायलींच्या डोंगरामागून दोन भुवया उगवल्या. त्यांनी नाव विचारलं नाही, बसा म्हटलं नाही. एक हात पुढे आला, पत्र गेलं, आणि लाल पेन असं चालू लागलं की शेवटी त्यातला कंपनीचा पत्ता तेवढा बचावला.

"यावर सही केलीत?"

"केली."

"मग आता काय बोलायचं," ते म्हणाले. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात, तसे.

जन्मताच या माणसाने नाळ कापण्याच्या अटी वाचायला मागितल्या असाव्यात, असं आमच्या विभागाचं मत होतं. कंपनीचा प्रत्येक करार त्यांच्या टेबलावरून जायचा आणि बहुतेक तिथेच मुक्काम ठोकायचा. विक्रीवाले मेटाकुटीला आले होते. शेवटी आमच्या विभागप्रमुख मॅडमनी त्यांना सांगितलं, "तुमच्या डोक्यात आहे ते कागदावर उतरवा. प्रत्येक कलमापुढे तीन रकाने. आपल्याला काय हवं, ते नाही मिळालं तर काय चालेल, आणि काय मुळीच नाही. तुम्ही नसलात तरी कुणालाही करार तपासता आला पाहिजे."

गंमत म्हणजे हे काम व्हावं म्हणून सगळ्यात जास्त तडफडत होते ते हरकतरावच. त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात, दिवस भरत आलेले. तब्येत नाजूक, नवरा बोटीवर. लग्नाआधी हरकतरावांनी त्या मुलाची अशी उलटतपासणी घेतली होती की बापलेकीत तेव्हापासून अबोलाच. आता तिने आपण होऊन फोन केला होता, बाबा, या म्हणून. आणि मॅडमनी बजावलं होतं, ही तीन रकान्यांची मार्गदर्शिका द्या, महिनाभर रजा घ्या.

"हवं"चा रकाना दोन दिवसांत भरला. "मुळीच नाही"ला जागा पुरेना, पुरवणी जोडली. मधला रकाना कोरा.

"हा रिकामा का?" मॅडमनी विचारलं.

"कारण काही चालतच नाही."

"अहो, समोरचा तीस दिवसांऐवजी पंचेचाळीस दिवसांत पैसे देतो म्हणाला तर?"

"आज पंचेचाळीस म्हणणारा उद्या साठ म्हणेल."

घरी वहिनींनी बॅग भरली. "तुमच्या त्या कोऱ्या रकान्यात मी लिहू का? लग्नापासून चालवूनच घेत आलेय."

हरकतरावांनी हे मला स्वतः सांगितलं, आणि ते हसले नाहीत. वहिनी एकट्याच पुढे गेल्या.

मग मुलीचा फोन आला. आमची टेबलं लागून, त्यामुळे मला ऐकू आलंच.

"येण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करीन," हरकतराव म्हणाले.

"बाबा, 'सर्वतोपरी प्रयत्न' लिहून देणारा काहीच देत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय."

फोन ठेवला. त्यांनी पेन उचललं आणि एका दमात तो रकाना भरून काढला. चालेल. चालेल. चालेल. खालपर्यंत. मॅडमनी वरची दोन पानं चाळली, खूश झाल्या, रजेवर सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी. मी ऑफिसात आलो तर हरकतराव खुर्चीत, बॅग टेबलाखाली.

"अहो, गाडी?"

"एकच ओळ दुरुस्त करतो. नुकसानभरपाईला मर्यादा नसली तरी चालेल, असं लिहिलंय मी. कंपनी विकावी लागेल. दुपारची गाडी आहे."

"मी करतो ती ओळ. तुम्ही निघा."

"तुम्ही?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नेमणूकपत्रावर डोळे झाकून सही करणारा माणूस ते विसरले नव्हते.

त्या ओळीमुळे खालची ओळ लंगडी पडली. ती खोडली तर वरच्या दोन डुगडुगायला लागल्या. दुपारी मी त्यांच्या हातातलं पेन अक्षरशः ओढलं. त्यांनी खिशातून दुसरं काढलं. "मला दिसतंय हो, मी काय करतोय," ते पुटपुटले. "हात थांबत नाही." संध्याकाळपर्यंत रकाना लालभडक झाला आणि मॅडमनी रजेचा अर्ज परत घेतला.

वहिनींचा फोन आला तेव्हा आम्ही दोघेच होतो. मुलगी झाली, दोघी सुखरूप. "तिला द्या ना फोन," हरकतराव म्हणाले. पलीकडे कुजबुज झाली. वहिनी म्हणाल्या, ती झोपलीय. हरकतरावांनी बरं म्हटलं, आणि बॅग उचलून घरी गेले.

मार्गदर्शिका पुरी झाली ती पुढच्या वर्षी. तोवर जुनं वर्ष उलटलं होतं आणि नियमाप्रमाणे हरकतरावांची शिल्लक रजा बुडाली होती.