शेंगेत किती दाणे

पनागरच्या मटारबाजारातून येताना मी सात किलो मटार आणला. शेंगा लांब, हिरव्यागार, चकचकीत. विकणारा भैया म्हणाला, "साहब, दो-चार खोलके देख लो." मी हात झटकला. फॅक्टरीत पंचवीस वर्षं माल तपासणारा माणूस मी. मला बघूनच कळतं. घरी सोलायला बसलो तर निम्म्या शेंगा पोचट. बायकोनं एक उघडून माझ्या नाकासमोर धरली. आत एकच दाणा, तोही मोहरीएवढा.

"फॅक्टरीतही असाच माल पास करता काय?"

आमची मुलगी फिसकन हसली आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. ती सहा वर्षांची, आमची चाळिशी उलटल्यावर झालेली. त्याच आठवड्यात शाळेत तिच्या मॅडमनी आम्हाला बोलावलं होतं. त्या गोष्ट वाचताना मधेच थांबतात आणि विचारतात, "अब क्या होगा?" सगळी मुलं ओरडतात, आमची तेवढी बुटांकडे बघत बसते. "इसको गलत होने से डर लगता है," मॅडम म्हणाल्या. घरी येताना मी या लाजाळूपणाचं खापर सासरवाडीवर फोडलं.

खरं कारण मला ठाऊक होतं. एकदा वाटीत बर्फाचा तुकडा ठेवून ती म्हणाली होती, उद्या हा मोठा होईल. घरात किस्से सांगायचा मक्ता माझा. हाही मी पाहुण्यांना नकलेसकट चारदा ऐकवला. चौथ्या वेळी ती खोलीतून उठून गेली. त्यानंतर तिनं कशाचाच अंदाज सांगितला नाही.

मी एक लांब शेंग उचलली. "नऊ दाणे." निघाले तीन. "चुकलो. हिच्यात आठ." निघाले दोन. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. चुकून हसं झाल्यावर माणसाचं पुढे काय होतं, ते तिला बघायचं असावं. काहीच झालं नाही. मी तिसरी शेंग घेतली. तीही चुकली.

"बाबा, तुम्ही हात लावून पाहूनच नाही राहिले," ती वैतागून म्हणाली.

तिनं एक शेंग घेतली, खिडकीच्या उजेडात धरली, अंगठा फिरवला. बराच वेळ. मग अगदी हळू म्हणाली, "पाच."

निघाले सहा. तिचा चेहरा पडला. माझ्या जिभेवर एक फर्मास वाक्य आलं होतं. ते मी गिळलं. आमच्या घरात ही नोंद घेण्यासारखी घटना आहे.

"पाच काहून वाटले?"

"पाच फुगे होते ना."

"मग सहावा कुठं होता?"

तिनं सालपट उलटून पाहिलं. देठाशी एक बारका दाणा चिकटलेला. "हा लपला होता," ती म्हणाली आणि पुढची शेंग तिनं आधी देठाशी चिमटून पाहिली. "सात." सातच निघाले. संध्याकाळपर्यंत तिनं मला धूळ चारली, आणि मी मुद्दाम हरत नव्हतो, हे कबूल केलं पाहिजे.

मग खूळच लागलं. कोणती पोळी फुगेल? दूध आधी कडेनं वर येईल की मधून? उत्तर काहीही असो, पुढचा प्रश्न ठरलेला: काहून?

महिन्याभरानं शाळेत पालकांना वर्गात मागं बसवलं होतं. मॅडमनी गोष्ट थांबवली. भाजीच्या ठेल्याशेजारी बकरी बांधलेली, मालक चहाला गेलेला. "अब क्या होगा?"

आमच्या मुलीचा हात वर गेला. "बकरी पालक खा जाएगी. रस्सी लंबी है, इसलिए."

मॅडमनी पान उलटलं. पालक तसाच होता; बकरीनं मालकाची गादी चावली होती. वर्ग हसला. मुलीनं चित्राकडे निरखून पाहिलं, "अच्छा" म्हणाली, आणि मॅडमनी पुढचा प्रश्न विचारायच्या आतच पुन्हा हात वर केला.

मी टाळी वाजवली. अख्ख्या वर्गात एकट्यानं, जोरात. लोक वळून बघायला लागले.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "चुकीच्या उत्तराला टाळ्या वाजवणारा बाप पहिल्यांदाच पाहिला. मीही वाजवली होती. तुम्हाला दिसली नसेल, तुम्ही डोळे पुसून राहिले होते."