सरदारांचा मान

आमच्या शिंपीकाकांकडे दोन पोपट होते. सरदार चांगला धिप्पाड, टिकली मुठीत मावेल एवढी. काकू होत्या तोवर दोघं एकाच दांडीवर बसत. फार तर थोडी चोचाचोची होई. काकू गेल्या आणि दाणापाणी काकांकडे आलं. टिकली लहान म्हणून ते तिलाच आधी दाणे घालू लागले. आठवड्याच्या आत सरदारानं तिच्या पायाचं बोट तोडलं, तेव्हा काकांनी तिला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं.

काका बहिणीला म्हणाले, "हा राक्षस देऊनच टाकतो कुणाला तरी."

"त्याचं काय चुकलं, दादा? वहिनी आधी त्याची वाटी भरायची. मान मिळाला की स्वारी खूश. मग टिकली त्याच्या वाटीत तोंड घाली, तरी चाले."

"मला कधी बोलली नाही ती."

"कशाला बोलेल? तुझे रुसवेही तिनं असेच सांभाळले. आधी तुझं ताट, आधी तुझा चहा. तुला तरी कुठं कळलं?"

काका हसायला गेले, पण हसू काही आलं नाही. त्यांनी उठून आधी सरदाराची वाटी भरली. तो निमूट खाऊ लागला. टिकलीच्या वेगळ्या पिंजऱ्याचं दार त्यांनी उघडलं, पण ती कोपऱ्यातून हलेना.

"ये गं," काका म्हणत राहिले, "आता नाही चावणार तो."