रतनने गाडीला क्लच बसवून घेतला

गॅरेजात लोक बिघडलेली गाडी नीट करायला आणतात. नीट चालणारी गाडी बिघडवून मागणारा रतन पहिलाच, असं सीताराम मेकॅनिक आजही सांगतो. पिकअप ऑटोमॅटिक होती. क्लच नाही, गिअर टाकायची कटकट नाही, पाय ठेवला की चालली. आणि रतन म्हणत होता, हा गिअरबॉक्स उतरव आणि हाताने टाकायचा बसव. सीतारामने दोस्ताची बरीच खुळं आजवर मुकाट्याने ऐकली होती, पण हे त्याच्याही पचनी पडेना. कारण रतनचा डावा हात.

रतनची कांजूरमार्गला रस्त्याच्या कडेला नर्सरी आहे. मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांत झाडं, माती, खत तो स्वतः पोचवतो. खूप वर्षांपूर्वी माल उतरवताना सिमेंटची कुंडी फळीवरून घसरून त्याच्या डाव्या खांद्यावर आली. हाड जुळलं, जोर मात्र परत आला नाही. हात स्टिअरिंगवर नुसता ठेवता येतो, पण गिअरचा दांडा ओढायला गेलं की खांद्यातून अशी कळ निघते की डोळ्यांपुढे काजवे चमकावेत. दुसऱ्या कुणी ड्रायव्हर ठेवला असता. रतनकडे मीरा होती.

मीरा त्याची बायको. तेव्हाची जुनी पिकअप क्लचवाली होती; ती शेजारच्या सीटवर बसायची आणि गिअर टाकायची. त्याने क्लच दाबायचा, तिने उजव्या हाताने दांडा हलवायचा. सुरुवातीला तो ‘दुसरा’, ‘तिसरा’ असं ओरडून सांगायचा आणि ती नेमका भलताच टाकायची. मग हळूहळू सांगायची गरज उरली नाही. इंजिनाच्या आवाजावरून तिला कळायचं. रस्त्याने जाणारे हसायचे, सिग्नलला रिक्षावाले वाकून बघायचे, पण संसार काय आणि गाडी काय, दोघांनी मिळून ओढली की चालते. भांडण झालं की मात्र मीराची चैन असायची. पवईच्या चढावर ती गाडी न्यूट्रलला आणून ठेवायची आणि म्हणायची, आधी उत्तर दे. मागे हॉर्न वाजायला लागले की रतन सगळं कबूल करायचा.

मग मीरा गेली. सकाळी मोगऱ्याच्या रोपांना पाणी घालताना खाली बसली, ती उठलीच नाही. जयभीम म्हणत सगळी वस्ती आली, पुण्यानुमोदनाचा विधी झाला, माणसं पांगली. नर्सरी तर चालवायलाच हवी होती. तेव्हा मुलगी चेतना दर रविवारी बोरीवलीहून यायची आणि आईच्या जागेवर बसून गिअर टाकायची. फार वाईट टाकायची. दात खाल्ल्यासारखा आवाज यायचा, रतन ‘अगं, माझा पाय खाली जाऊ दे आधी’ म्हणायचा, ती चिडायची, आणि मग दोघंही हसत सुटायचे. आठवड्याची सगळी डिलिव्हरी तो रविवारवर ढकलायचा. गिऱ्हाइकं कुरकुरायची, तो ऐकून घ्यायचा. आठवडाभर तो त्या एका दिवसावर जगत होता, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

चेतना गुणी पोरगी. बापाचे हाल तिला बघवेनात. तिने आणि तिच्या नवऱ्याने, प्रबुद्धने, हिंडून हिंडून एक सेकंडहँड ऑटोमॅटिक पिकअप शोधली. हार घालून ती नर्सरीसमोर उभी केली आणि चेतना म्हणाली, “घ्या पप्पा. आता तुम्हाला कुणाची गरज नाही.”

पोरीने हे मोठ्या आनंदाने म्हटलं होतं. रतननेही हसून पेढा खाल्ला.

त्यानंतर तिचे रविवार विरळ होत गेले. त्यात तिचा दोष नव्हता. ऑफिस, घर, सासूचे गुडघे. गाडीसाठी यायचं कारणच उरलं नव्हतं. रतन एकटाच हिंडू लागला. शेजारच्या सीटवर तो गांडूळखताची गोणी ठेवायचा, तर गाडी टीं टीं करून तिला पट्टा लावायला सांगायची. शेवटी तो गोणीला पट्टा बांधायचा आणि निघायचा. पवईच्या चढावर गाडी आपली आपण गिअर बदलायची, इतकी गुपचूप की कळायचंही नाही. तिथे आल्यावर त्याला फार एकटं वाटायचं.

सीतारामला त्याने यातलं काहीच सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की जुन्या सवयीने डावा पाय क्लच शोधायला जातो आणि ब्रेकवर पडतो, एकदा मागचा टेम्पो आदळता आदळता राहिला. हे खरंही होतं. सीताराम म्हणाला, महिन्याभरात पायाला सवय होईल. रतन हटेना.

“बरं, क्लच पाय दाबेल,” सीताराम म्हणाला. “गिअर कोण टाकणार?”

“येईल ना कोणीतरी,” रतन म्हणाला.

सीतारामने त्याच्याकडे पाहिलं आणि गाडी आत घेतली.

काम सोपं नव्हतं. कुर्ल्याच्या भंगारात त्याच मॉडेलची क्लचवाली गाडी मिळाली, तिचा गिअरबॉक्स आणि पेडलं आणली. ऑटोमॅटिकचा बॉक्स उतरवला, इंजिनाला जड फ्लायव्हील लावलं, त्यावर क्लचप्लेट. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लांबीला जुळेना, तो कापून पुन्हा जोडून घेतला. एवढं करून चावी फिरवली तर गाडी ढिम्म. तिच्यातला कॉम्प्युटर गेलेल्या गिअरबॉक्सलाच शोधत होता, तो दिसल्याशिवाय इंजिन चालू होऊ देईना. सीतारामने त्याला शिव्या घातल्या, वायरमनला बोलावलं. रतनला मात्र त्या कॉम्प्युटरचा राग आला नाही. रोज येऊन तो गॅरेजच्या बाकड्यावर बसायचा, आणि चेतना आली की पहिल्यांदा कुठे जायचं ते ठरवायचा. मनोरीला एका बंगलेवाल्याची नारळाची रोपं द्यायची राहिली होती. लांबचा रस्ता, भरपूर गिअर.

गाडी तयार झाल्यावर त्याने चेतनाला फोन केला. गाडीत थोडा बदल केलाय, रविवारी येऊन बघ, म्हणाला. त्या रविवारी त्याने दाढी केली, सीट ओल्या फडक्याने पुसली, गोणी मागे टाकली.

चेतना आली. तिने गिअरचा दांडा बघितला. मग तिचा बांध फुटला. एवढी शोधून आणलेली गाडी, तुमच्या हातासाठी आणलेली, आणि तुम्ही तिची ही दशा केली? हे चालवणार कसं? कुणी सांगितला हा उद्योग? रतन ब्रेकवर पडणाऱ्या पायाबद्दल काहीतरी बोलला. खरं उत्तर ओठांवर होतं. तू यावंस म्हणून, एवढे तीनच शब्द. पण पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, ती दमलेली दिसत होती, आणि ते शब्द तिच्या गळ्यात धोंडा बांधल्यासारखे होतील असं त्याला वाटलं. तिने डोळे पुसले, चहा केला आणि म्हणाली, “जाऊ दे पप्पा, चूक माझीच. तुमचं मन लागत नव्हतं त्या गाडीत. मी करते काहीतरी.”

पोरगी शब्दाची पक्की. दोनच दिवसांत तिने ड्रायव्हर पाठवला.

चंद्रप्रकाश नाव. पन्नाशीचा, निर्व्यसनी, वेळेआधी हजर. नाव ठेवायला जागा असती तर रतनने सुखाने ठेवलं असतं. मनोरीची रोपं भरली आणि चंद्रप्रकाश स्टिअरिंगवर बसला. रतनला शेजारी बसावं लागलं. इतक्या वर्षांत तो या बाजूला कधी बसला नव्हता. इथून रस्ता कमी आणि चालवणारा माणूसच जास्त दिसतो, हे त्याला आज कळलं. पवईच्या चढावर इंजिन दमलं. चंद्रप्रकाशचा पाय क्लचवर गेला आणि त्याच क्षणी रतनचा उजवा हात आपोआप दांड्यावर गेला. हा हात धड होता, गिअरही बरोबर ओळखला होता.

“राहू द्या काका,” चंद्रप्रकाश अदबीने म्हणाला. “मी आहे ना.”

रतनने हात मांडीवर घेतला. तेवढ्यात चेतनाचा फोन आला. ड्रायव्हर कसा आहे, तिने विचारलं. रतन म्हणाला, झकास आहे. ती मोकळं हसली. किती दिवसांनी ती अशी हसली होती.

“बरं झालं,” ती म्हणाली. “आता मी निर्धास्त.”

फोन ठेवून रतन समोर बघत राहिला. चंद्रप्रकाशने तिसरा टाकला, मग चौथा. जराही आवाज झाला नाही.