फुकट गेलेला हप्ता

किस्से म्हणजे बागेतला पातेरा, सुका पाला. आज झाडून काढा, उद्या तेवढाच पडलेला. आमच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, तर जास्तच, कारण बागेतलं काम आटपलं की आम्ही तिथंच टेकतो. मी, दत्ताकाका, आणि पूर्वी सुरेश. सुरेश बोटीवर नोकरीला होता. गेल्या वर्षी तिथंच वारला.

*

त्याच्या विम्याचे पैसे आले. त्याच्या बायकोकडे, सुमनवहिनीकडे, तेवढेच. पोरगी मेघना नर्सिंगला, तिची फी त्यातूनच जायची. वहिनीचा भाचा नितीन मुंबईवरनं आला, मांगरात मोबाईल काढून बसला. "मावशी, सगळे ह्या फंडात टाक. शेअरसारखा बाजारात विकता येतो. बराचसा पैसा बाँडात, म्हणजे सरकारला, कंपन्यांना व्याजानं दिलेला. थोडा शेअरात. आणि शेअर पडले तर त्याचा बंदोबस्त आधीच केलेला."

"बंदोबस्त फुकट?" मी विचारलं.

"नाय काका, दरवर्षी थोडं कापलं जातं. आणि शेअर लय वर गेले तर वरचा नफा पुरा मिळत नाय."

"मग हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं काय?"

*

असला बंदोबस्त मी केलेला हाय. एकदा मोहोर यायच्या आधीच ठरलेले पैसे घेऊन बाग व्यापाऱ्याला काँट्रॅक्टवर दिली, आंबा येईल तेवढा त्याचा. त्या वर्षी आंबा असा लागला की फांद्यांना टेकू द्यायला लागले. माझं टाळकं फिरलं. कोयती घेऊन व्यापाऱ्याच्या टेम्पोसमोर जाऊन बसलो. सुरेश तेव्हा रजेवर. शेजारी येऊन बसला नि हळूच बोलला, "मोहोर जळला असता तर ह्याचे पैसे परत दिले असतेस काय रे?"

मी उठलो.

*

दत्ताकाकाचं वेगळंच. वानरांसाठी महागातली जाळी आणली नि घराजवळच्या तीन कलमांवर घातली. वानरांनी बाकीची बाग साफ केली. काका लोकांना बोलावून दाखवत होता, "पण जाळीतल्या एका आंब्याला हात लागला नाय."

ह्याच काकानं नितीनला विचारलं, "बंदोबस्त शेअरचा. मग बाँडाचं काय?"

"बाँडाला तो नाय. व्याजदर वाढले की जुन्या बाँडाची किंमत उतरते. थांबलं तर बहुतेक भरून येतं."

"कॉलेज थांबेल?" मी ओरडलो. "सगळी बाग उघडी आणि जाळी तीन झाडांवर! वर दरवर्षी हप्ता कापणार, तो फुकटच."

नितीननं मोबाईल उलटा ठेवला.

वहिनी चुलीजवळनं बोलली, "नितीन, मेघनाची सगळी फी बँकेत ठेव. उरतील त्यातले थोडे ह्यात टाक." मग माझ्याकडे वळली. "आणि भावोजी, हप्ता कापू दे."



*

सुरेश रजेवर आला की दत्ताकाका दर खेपेला त्याला डिवचायचा, "काय रे, ह्या वर्षीचा पण विम्याचा हप्ता फुकट गेला ना?"

सुरेश हसायचा. "गेला ना, काका. म्हणून तर तुमच्यासमोर बसलोय."